वीज मागायची कुणाकडे?

वीज मंडळ मोडून त्याच्या तीन कंपन्या झाल्या. एक वीज तयार करणारी, दुसरी ती लांबून वाहून आणणारी आणि तिसरी घरोघर वाटणारी. त्यानंतर कासारबंदरातली वीज वरचेवर जाऊ लागली. बर्फाचा कारखाना बंद पडायचा आणि कोळणींची मासळी टोपलीतच नासायची.

वीज वाटणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष देवस्थळी बंदरावर सभेला आले, तेव्हा कोळणींच्या सोसायटीची चांगुणा तांडेल उभी राहिली.

"साहेब, आमची वीज सारखी का जाते?"

"आम्ही फक्त वीज वाटतो, बाई," देवस्थळी रुबाबात म्हणाले. "बिघाड वरच्या मोठ्या लाइनीत आहे. ती कंपनी वेगळी. तिच्या अध्यक्षांना विचारा."

"ते कोण?"

"मीच."

"आणि वीज तयार करणाऱ्या कंपनीचे?"

"तेही मीच. पण कायद्याने तिन्ही कंपन्या स्वतंत्र आहेत."

चांगुणा शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही तिघं एकाच खुर्चीत बसता, तरी एकमेकांशी बोलत नाही होय?"

सभा खदखदून हसली. देवस्थळी आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी तिथूनच मोठ्या लाइनीच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याच आठवड्यात नवी तार ओढली गेली आणि बर्फाचा कारखाना पुन्हा धडधडू लागला.