सुनेचा वाटा

हे दोन खांब पाहिलेत? जांभ्या दगडाचे, पुरुषभर उंच, आणि मध्ये दार नाही. उजव्या खांबाला कंबरेच्या उंचीवर खाच पडली आहे. हात घालून बघा, चार बोटं आत जातात. तुम्ही टेम्पोतून उतरवलेलं लोखंडी गेट याच खांबांना बसवायचं आहे ना? तुमच्या मालकांनी माडांची बाग विकत घेतली, कागद पक्के आहेत, तुम्ही पोटासाठी आलात. तुमच्यावर राग नाही. पण वीज गेली आहे, आणि ती येईपर्यंत तुमचं वेल्डिंगचं मशीन चालायचं नाही. तेवढ्यात सांगून घेतो. मी भिवा तांडेल. आमच्या बोलीत सांगितलं तर तुम्हाला अर्धं कळायचं नाही, म्हणून शाळेतलं मराठी बोलतो.

फार पूर्वी ही बाग आबाजी खोताची होती. समुद्र सगळ्यांचा, पण समुद्राकडे जायची वाट बागेतून. एका वर्षी खोताचे नारळ चोरीला गेले आणि त्याने आळ घेतला आमच्या मच्छीमार लोकांवर. खडकापासून खाडीपर्यंत गडगा, म्हणजे दगडांची भिंत, घातली, या खांबांना सागवानी दार लावलं, कुलूप ठोकलं.

तेव्हा आमचा म्होरक्या होता धाकू तांडेल. माणूस भारी मानी. चोर म्हटल्याचं त्याला इतकं लागलं, की देवीच्या भरल्या देवळात नारळावर हात ठेवून तो बोलून बसला, "खोताच्या घरच्यान दार उघडल्याबिगर आमचो एक मानूस पलीकडे पाय घालूचो नाय. घातलो तर रापण जलमभर रिकामी येवंदे!" रापण म्हणजे आमचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्या गावाने दोर ओढायचे. जो दोराला हात लावेल त्याला माशांचा वाटा, मग तो कुणी का असेना. ती रिकामी आली तर गाव जगायचं कशावर? रागाच्या भरात धाकूने सगळ्या गावाच्या पायात बेडी घातली.

दिवा लागला का हो तिकडे? नाही, ऊन चमकलं वाटतं. असो.

मग काय, रोज सकाळी खोताच्या घरचं कुणीतरी दार उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं. आश्विनात एक दिवस खोत घरच्या पुरुषांना आणि गड्यांना घेऊन लग्नाला पलीकडच्या गावी गेला, दाराला कुलूप घालून. किल्ली त्याच्या कनवटीला. खाडीच्या तोंडातून होडी मात्र आधीच बाहेर पडली होती. तिच्यात पाच जण, त्यातले दोघे धाकूचे मुलगे. दुपारी वारा फिरला. वल्ही मोडली आणि होडी त्या समोरच्या खडकांकडे सरकायला लागली. धाकूचा धाकटा दोर कमरेला बांधून पोहत किनाऱ्याला लागला म्हणे. त्याने दोराला माडाचा आधार दिला, पण ओढायला चाळीस माणसं हवीत. ती चाळीस माणसं गडग्याच्या अलीकडे उभी होती.

गडगा छातीभर उंच होता हो. पोरंसुद्धा चढली असती. धाकूची बायको ऊर बडवत होती, "माजो झील बुडता हो! चडा कोणीतरी!" आणि धाकू हात पसरून सगळ्यांना अडवत होता, "देवीची आण आसा!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं सांगतात. स्वतःचा मुलगा वाचवावा की गावाचं पोट? मला तर अजून विचार केला की घाम फुटतो.

खोताची धाकटी सून म्हाळसा बागेतल्या विहिरीवर होती. घाटावरची पोर, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिने कोयता उचलला आणि दाराकडे धावली. बाहेरून धाकू ओरडला, "किल्ली आसा?" ती म्हणाली, "किल्ली मामंजींकडं हाय. बाजूला व्हा." बिजागऱ्या तोडून तिने दार पाडलं. खोताच्याच घरच्या माणसाने दार उघडलं होतं! लोक आत धावले. चौघांचं वजन आणि वर लाटांची ओढ, किनारा पुरेना, म्हणून दोर या खांबाला घासत पार गावाच्या वाटेपर्यंत नेला. खाच पहिल्यांदा पडली ती त्या दिवशी. म्हाळसाही ओढत होती, तिच्या तळहातांची सालं निघाली. होडी आली. चौघेही आले.

संध्याकाळी खोत परतला आणि म्हणाला, नवं दार करा. म्हाळसा खांबांच्या मध्ये जाऊन बसली. "लावायचं तर माझ्या अंगावरनं लावा." दोन दिवस तिने पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी खोत आला, तिचे तळहात पाहिले, आणि वाळूवर जाऊन त्याने रापणीच्या दोराला हात लावला. नंतर देवळात शब्द दिला, की या खांबांना पुन्हा दार लागणार नाही.

तुम्ही विचाराल, लावलं तर काय होईल? काही होणार नाही. खोताने शाप ठेवला नाही, नुसता शब्द ठेवला. शाप असता तर मी घरी निवांत झोपलो असतो. शब्द तुमच्या मालकांच्या कागदात नाही, आणि मला रात्र रात्र झोप येत नाही.

आजही गावात नवी सून आली, कुठल्याही घरची, की आधी तिला या खांबांमधून नेतात आणि दोराला तिचा हात लावतात. त्या दिवशीचा पहिला वाटा तिचा. बघा, खाली रापण ओढताहेत. ती हिरव्या साडीतली कुबलांची सून, काल लग्न झालं. कोल्हापूरकडची आहे, घाबरलीय बिचारी.

वीज आली वाटतं. हो, आली.

तुम्हीही परमुलखातले. दोराला हात लावलात तर तुमचाही वाटा निघेल, आजही निघतो. पण तेवढं हातातलं गेटचं कुलूप खाली ठेवा. दोर ओढायला दोन्ही हात लागतात.