मामंजींच्या आठ्या

लग्नाला दोनच महिने झाले होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त मामलेदार. त्यांनी फर्मावलं, "सूनबाई, माझं चित्र काढ. माझ्यासारखं दिसलं तरच तुझा तैलचित्रांचा क्लास चालू राहील."

ते आठ दिवस आठ्या घालून समोर बसले. मी भीतभीत त्या सगळ्या रंगवल्या.

चित्र पाहून ते कडाडले, "मी असा दिसतो?"

"आत्ता तरी हुबेहूब," सासूबाई पुटपुटल्या.

मी ब्रश ठेवून फडकं उचललं. "मामंजी, तेलाचा रंग लवकर वाळत नाही. आठ्या आत्ता पुसते. पण हसरा चेहरा क्लासमध्ये पुढच्या महिन्यात शिकवणार आहेत."

मामंजी आरशात डोकावून आले.

"क्लास बुडवायचा नाही हं," ते म्हणाले.