टिकल्याच्या घराची वास्तुशांत

एक होता राजा. त्याच्या मुलीचं नाव केतकी आणि केतकीच्या कुत्र्याच्या पिल्लाचं नाव टिकल्या. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकल्या. तो रोज केतकीच्या पायाशी झोपायचा.

एकदा काय झालं, टिकल्यानं राजाचा जरीचा जोडा चावून त्याचा पार चिवडा केला. राजा एका पायात जोडा घालून दरबारात आला. लोक हसले. मग काय! आज्ञा सुटली, कुत्रं आजपासून अंगणात. चिंचेखाली छोटंसं दगडी घर बांधलं, वर कौलं घातली. आज्ञा काढली की काम झालं, असं राजांना वाटतं. पण कुत्र्याला आज्ञा वाचता येते का? टिकल्या काही आत जाईना.

मग आला शिपाई. त्यानं टिकल्याला मानगुटीला धरून आत कोंबलं, आपलं डोकंही आत घातलं आणि ओरडला, "पड इथं तुरुंगात!"

आतून बारीक आवाज आला, "तथास्तु." आणि दाराला गज फुटले, बरं का! टिकल्या फटीतून निसटला, तो थेट केतकीच्या कुशीत.

मग आले प्रधानजी. त्यांनी लाडू दाखवून टिकल्याला आत नेलं. लाडू दिलाच नाही, लबाड कुठले! गजांतून तोंड आत घालून म्हणाले, "गारठ इथं, म्हणजे येशील ताळ्यावर."

"तथास्तु." भिंती बर्फासारख्या गार पडल्या. टिकल्या पुन्हा पळाला.

मग खुद्द राजा आला. त्यानं टिकल्याला उचलून गजांतून आत ठेवलं. टिकल्यानं त्याच्या मिशा ओढल्या. राजा गजांतूनच आत कडाडला, "काटे टोचोत तुला!"

"तथास्तु." जमिनीवर सराटेच सराटे उगवले. टिकल्या केकाटत बाहेर आला.

राजा म्हणाला, "उद्या दिवस मावळायच्या आत हा आपणहून इथं झोपला नाही, तर टोपलीत घालून नदीपल्याड सोडा." आणि नदीपल्याड वाघ होता.

केतकी रडली का? छे! सकाळीच तिनं परकर खोचला आणि घरासमोर मांडी ठोकली. "काय रे घरा, असं का वागतोस?"

घर कुजबुजलं, "मी काय करू? माझ्या आत कुणी काही बोललं, की मला तथास्तु म्हणावंच लागतं. वास्तूचा धर्मच तो. आणि माझी वास्तुशांत तरी कुठं केलीत? माणसाचं घर असतं तर दूध उतू घालवलं असतंत. घरचं कुणी आत बसून जेवलं असतं."

"एवढंच ना? मी बसते."

राजा धावत आला. "राजकन्या कुत्र्याच्या घरात? लोक हसतील!"

"हसू देत, बाबा. टिकल्या वाघाच्या पोटात गेला, तर मी रडेन ते चालेल?"

राजा बाजूला सरला.

मग केतकीनं दाराशी दूध तापवून उतू घालवलं. अंग चोरून गजांतून आत शिरली. म्हणाली, "हे दार कुणावर बंद न होवो." तथास्तु! गज गळून पडले. म्हणाली, "इथं ऊब असो." तथास्तु! भिंती उबदार झाल्या. सराट्यांसाठी मात्र तिनं काही मागितलं नाही. घर काय नुसतं मागून होतं? एकेक हातानं वेचायला लागली. बोटातून रक्त आलं. टिकल्या बाहेरून बघत होता. त्याला राहवेना. हळूच आत आला, बोट चाटलं आणि पळाला.

केतकीनं त्याला धरलं नाही, बरं का! त्याची जुनी गोधडी अंथरली. दूधभाकरी कुस्करली, थोडी आपण खाल्ली, थोडी त्याला ठेवली. टिकल्या आला, खाल्ली, गेला. पुन्हा आला, गोधडी हुंगली, गेला. दार उघडंच होतं.

दिवस मावळायला आला. राजा म्हणाला, "तू बाहेर ये. मग बघू."

केतकी बाहेर आली. मागोमाग टिकल्याही आला! प्रधानजी म्हणाले, "आणा टोपली." केतकी टोपलीच्या आडवी उभी राहिली. "अजून दिवस मावळला नाही," ती म्हणाली. "कुणी हात लावायचा नाही."

टिकल्यानं तिचा पाय चाटला. जांभई दिली. वळला आणि आपला आपण आत गेला. गोधडीवर गोल गोल फिरला, नाक शेपटीत खुपसलं आणि झोपला.

राजा गुडघ्यावर बसला. त्यानं डोकं आत घातलं. आता हा काय बोलतो?

राजा हळूच म्हणाला, "सुखानं नीज, लेकरा."

"तथास्तु," घर म्हणालं.

मग टिकल्या सुखात राहिला, केतकी सुखात राहिली, राजाही राहिला. आता तुम्ही पांघरूण ओढा पाहू. काहीतरी चांगलं बोला आणि मिटा डोळे. भिंती ऐकताहेत हं.