यासीन मिस्त्रीचं दार

कोंडसरच्या घाटात अजून डांबर चढलं नव्हतं आणि ट्रक चढायला लागला की मागून एक माणूस हातात धोंडा घेऊन पळायचा, तेव्हाची ही गोष्ट. गाडी अडली की चाकामागे धोंडा लावायचा, गाडीनं दम खाल्ला की उचलायचा आणि पुन्हा पळायचं. हसताय काय? तुमच्या आजोबांनी असेच घाट चढलेत.

घाटाच्या पायथ्याशी यासीन मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. मिस्त्री बाकी कशाला हात लावायचा नाही, फक्त पंप बघायचा. पंप म्हणजे पाण्याचा नव्हे हो, ट्रकच्या इंजिनाला मोजून डिझेल पाजतो तो. असं म्हणतात, गाडी ओढ्यापलीकडे असतानाच नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की हिला डिझेल जास्त होतंय का कमी. असंही म्हणतात की पंपाचा स्क्रू तो पान्यानं सैल करायचा, पण बसवायचा बोटांनी. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा. खरंखोटं देव जाणे, पण लांबलांबचे ड्रायव्हर त्याच्या दारात दोन-दोन दिवस मुक्काम ठोकायचे, हे मात्र माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलंय.

घाटाच्या वर उंबरपठार नावाचं गाव. त्या वर्षी पठारावरच्या विहिरी माघातच आटल्या. गावाला पाणी आणायचा एकच मार्ग उरला, बुधा भांगरेचा टँकर. बुधा पठारावरचाच. खाली बारा कोसांवरच्या डोहावरून तो टाकी भरून आणायचा, पण दिवसाला एकच खेप व्हायची. आणि भरलेली टाकी घेऊन गाडी घाट चढायची नाही. मधल्या वळणावर इंजिन मान टाकायचं. मग बुधा मागचा वॉल्व्ह उघडायचा आणि अर्धं पाणी दरीत सोडून द्यायचा. वर लोक घागरी मांडून बसलेले आणि हा इथं पाणी ओततोय! त्या वळणावर त्याला रोज रडू यायचं. कुणाला सांगितलं नाही त्यानं, पण यायचं.

अर्ध्या टाकीत माणसांना घागर-घागर मिळायची, गुरांना घोटही नाही. शेवटी पंच बसले. ठकूबाई गावातली सगळ्यांत मोठी बाई, पाण्याची वाटणी तीच करायची. तिनं सांगितलं, "सोमवारी टाकी भरून आली तर राहू. नाही आली तर मंगळवारी गुरं सोडून गाव मोकळं करू."

रविवारी सकाळी बुधा मिस्त्रीच्या दारात उभा.

"मिस्त्री, डिझेल वाढवून द्या. लागेल तेवढं वाढवा. भरली टाकी चढलीच पाहिजे."

मिस्त्रीनं इंजिन चालू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "अरे लेका, हिला डिझेल कमी नाहीये, जास्त झालंय. कुणीतरी वाढवून ठेवलंय. जेवढी हवा आत जाते तेवढंच जळतं, बाकीचं काळा धूर होऊन जातं. आणि जे आहे ते पण सगळं वरच्या रेसला. सपाटीला पळते, चढाला मरते. ही पळायला पाहिजे का ओढायला?"

"ओढायला."

"मग पळणं विसर."

दिवसभर मिस्त्री पंपाला चिकटून होता. इंजिनाची रेस सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग बदलली, डिझेल कमी करायला स्क्रू मागे घेतला, गाडीत बसून टेकाडापर्यंत जाऊन आला, परत उघडला. दिवस बुडायच्या आत काम झालं. गाडी आता सपाटीला बैलगाडीला हसू यावं अशी चालायची, पण कमी रेसला इंजिनाचा आवाज असा भरून यायचा की खालची जमीन थरथरावी. स्क्रू जागचा हलू नये म्हणून मिस्त्रीनं त्याच्या वरचा नट आवळला आणि म्हणाला, "आता हात लावू नकोस. उद्या मी पण येतो वर."

सोमवारी बुधानं पहाटे डोह गाठला, टाकी काठोकाठ भरली. आणि तिथं त्याची बुद्धी फिरली. सांगा बरं, कुठल्या ड्रायव्हरची फिरली नसती? आयुष्यभर ऐकलेलं, डिझेल जास्त तर ताकद जास्त. आज गावाचा प्रश्न. थोडं जास्त असलेलं बरं! त्यानं पकड घेतली, वरचा नट कसाबसा पिळून सैल केला आणि स्क्रूला अर्धा फेरा दिला. पकडीनं नटाचे आटे गेले, तो पुन्हा घट्ट बसेना. बुधानं त्यावर सुतळी गुंडाळली आणि बॉनेट लावलं. पायथ्याला मिस्त्री चढून शेजारी बसला, तेव्हा बुधानं त्याच्याकडे बघितलं नाही.

पहिला मैल गाडी चढली. दुसऱ्या मैलाला धूर सुरू झाला. आधी करडा, मग काळाकुट्ट. इंजिन तापलं, उष्णतेचा काटा लालमध्ये गेला. आणि त्या नेहमीच्या वळणावर गाडी थरथरली आणि उभी राहिली. इंजिन धापा टाकत होतं. मागच्या माणसानं चाकामागे धोंडा टाकला, पण भरलेल्या टाकीपुढं धोंडा तो काय! तो करकरत मागे सरकायला लागला. डाव्या हाताला दरी. वरच्या कड्यावर अख्खं उंबरपठार येऊन उभं राहिलेलं, बाया, माणसं, पोरं, आणि सगळ्यांचे डोळे गाडीवर.

"पाणी सोडतो मिस्त्री!" बुधा ओरडला. "नाहीतर जाऊ सगळे खाली!"

"पाणी सोडलंस की गाव सुटलं," मिस्त्री म्हणाला. "ब्रेक दाबून धर. इंजिन बंद पडू देऊ नकोस."

तो उतरला, बॉनेट उघडून मडगार्डवर पालथा पडला आणि आत हात घातला. आत हात घातल्याबरोबर त्याच्या बोटांना सुतळी लागली. त्यानं मान वर करून काचेतून बुधाकडे एकदा बघितलं. मग सुतळी काढून त्यानं फेकून दिली.

नट धरत नव्हता, म्हणजे स्क्रू हातानंच धरून ठेवायला पाहिजे होता. आणि पंपाच्या बाजूनंच धुराचा पाइप गेलेला, तापून लाल. पान्याला जागा नाही. मिस्त्रीनं बोटांनी स्क्रू मागे घेतला, अर्धा फेरा नाही, केस-केस करत. धोंडा सरकतोय, बुधानं सगळं वजन ब्रेकवर टाकलंय. काळा धूर करडा झाला. करड्याचा उदबत्तीएवढा झाला. इंजिनाचा आवाज खाली उतरला आणि भरून आला.

"ब्रेक सोड," मिस्त्री म्हणाला.

गाडी हलली. असं म्हणतात, ती इतकी हळू चढली की ठकूबाई उतरून आली आणि काठी टेकत गाडीच्या पुढं चालली, तरी गाडीनं तिला गाठलं नाही. असं म्हणतात, दीड मैलात एकदाही गिअर बदलला नाही आणि टाकीतलं पाणी हिंदकळलंही नाही. आणि ते दीड मैल यासीन मिस्त्री मडगार्डवर पालथा होता, स्क्रू बोटांत धरून, हात त्या लाल पाइपाला टेकलेला. भाजल्याचा वास बुधापर्यंत येत होता. गाडी थांबवता येत नव्हती. बुधा रडत होता आणि चालवत होता.

वर पोचल्यावर काय गलका! गुरं हंबरत आली. ठकूबाईनं बुधाच्या गळ्यात हार घातला. कुणीतरी म्हणालं, "त्या मिस्त्रीनं घोळ घातला होता पंपाचा, म्हणून वळणावर अडली. बुधानं धरली म्हणून वाचली." लोकांनी माना डोलावल्या. बुधाच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण गळ्यात हार होता, समोर त्याची आई हसत होती, आणि तो गप्प बसला. हाताला ओलं पोतं गुंडाळून मिस्त्री गाडीच्या पायरीवर बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं. तो एवढंच म्हणाला, "आधी गुरांना पाजा."

त्या एका टाकीनं गाव थांबलं. मिस्त्रीनं त्याच दिवशी दुसऱ्या हातानं स्क्रूवर नवा नट आवळून दिला आणि गाडी रोज भरून चढू लागली, पाऊस लागेपर्यंत चढली. मिस्त्रीचा हात मात्र गेला. बोटं राहिली, पण त्यांना काही कळेनासं झालं.

बुधाला घास गिळवेना. आठव्या दिवशी त्यानं तो वाळलेला हार चावडीवर आणून ठेवला, सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं आणि तसाच घाट उतरला. गॅरेजच्या दाराला कुलूप. मिस्त्री कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. कोणी म्हणे कोकणात, कोणी म्हणे बहिणीकडे. बुधा त्या बंद दारासमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, अर्धा फेरा मीच दिला होता. चूक माझी."

गॅरेज कधीच पडलं, पण पठारावरच्या लोकांनी ते दार जपलंय. चौकटीसकट नुसतं दार उभं आहे रस्त्याच्या कडेला. आजही घाट चढायच्या आधी प्रत्येक ड्रायव्हर तिथं गाडी थांबवतो, उतरतो आणि गाडीला स्वतःच्या हातानं जे काही केलं असेल ते दाराला सांगतो. टायर जुना घातला, माल जास्त भरला, ब्रेकचं काम पुढं ढकललं. न सांगता चढलेली गाडी वळणावर अडते, असं म्हणतात. आता नव्या गाड्यांच्या पंपाला कुणाचा हात पोचत नाही, तरी थांबतात. आणि पठारावरची माणसं तर गाडी नसली तरी तिथं जातात. परवा एक बाई बसमधून उतरून दारापाशी गेली, हळू आवाजात काहीतरी बोलली, आणि बसवाल्यानं ती परत येईपर्यंत हॉर्न वाजवला नाही.