मिठाच्या शिळेवर ठरलेला वार

सावट्याचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, असे नव्या माणसाने विचारले की गावातले लोक हसतात आणि घाटमाथ्याकडे बोट दाखवतात. तिथे कड्याच्या टोकाला एक सपाट काळी शिळा आहे. जनावरांनी चाटून चाटून तिला वाटीएवढे खळगे पाडलेत. बाजाराचा वार त्या शिळेवर ठरतो. या आठवड्याला सोमवार, तर पुढच्याला शुक्रवार. हवाही तशीच आहे इथली. सकाळी ऊन, दुपारी धुके आणि घोंगडी वाळत घालावी तर संध्याकाळी भुरभुर. शिळेपाशी टेकलेले म्हातारे आल्यागेल्याला त्यामागची हकिकत सांगतात, ती अशी.

फार पूर्वी हा बाजार गुरुवारचाच होता म्हणे. कोकणातून मीठ आणि तांदूळ वर चढत, देशावरून गूळ आणि घोंगड्या येत. एका आश्विनात लागोपाठ तीन गुरुवार पावसाने धुऊन नेले. गुळाच्या ढेपांचा चिखल झाला. रायाजी पाटलांनी चावडीवर सांगून टाकले, आणखी एक बाजार भिजला तर तो सहा कोस पुढे देवखेडला जाईल.

बाकीचे व्यापारी सहा कोस पुढे गेलेही असते. अडचण होती म्हाळसाक्काची. ती मीठ विकायची. नवरा वारलेला, पदरी सात बैल आणि सातही म्हातारे. घाट चढून सावट्यापर्यंत यायचे आणि तिथे माना टाकून उभे राहायचे. बाजार हलला असता तर तिचा धंदाच बसला असता. ती चावडीपुढे जाऊन उभी राहिली.

"पाटील, वार मी सांगते. ज्या दिवशी पाऊस नाही, त्या दिवशी बाजार बसवा."

कापडवाले गिरमाजीशेट तिथेच पान जमवत होते. "आक्का, पाऊस तुझ्या गोठ्यात बांधलाय का?"

"बांधला नाही. पण माझ्याच वाटेनं चढतो तो."

"मग आधी तुझं मीठ उघड्यावर ओत. ते टिकलं तर आम्ही गठ्ठे सोडू."

लोक हसले. पाटलांना मात्र तेच बोलणे रास्त वाटले, आणि तशीच अट ठरली.

म्हाळसाक्का कड्यावरच मुक्काम ठोकून बसली. झऱ्याच्या गार पाण्याने भरलेला तांब्याचा लोटा ती शेजारी ठेवी. काही दिवशी लोट्याला बाहेरून दरदरून घाम फुटे, काही दिवशी तो कोरडाच राही. लोटा गळत नव्हता. म्हणजे पाणी वाऱ्यातच आहे, हे तिने ताडले. समुद्राची वाफ ओझे घेऊन घाट चढते, वर आली की तिला थंडी भरते, आणि थंडी भरली की ओझे खाली पडते. ज्या ढगाचे पोट कड्याला घासते, तो इथेच रिता होतो. जो शिखरावरून जातो, तो पाणी घेऊन तसाच पुढे देशावर निघून जातो. पाठीवर गोणी घेऊन चढणारे बैल जन्मभर पाहिलेल्या बाईला यात नवल वाटले नाही.

तिने मंगळवार सांगितला. पश्चिमेला निळे आभाळ होते. भल्या सकाळी तिने सहा गोण्या शिळेवर ओतल्या. व्यापारी गठ्ठे न सोडता बघत बसले. दुपार टळली आणि तिच्या पाठीमागून, देशाकडून, गडगडाट झाला. घाट चढणाऱ्या माणसाची नजर नेहमी कोकणावर. परतीचा पाऊस उगवतीकडून येतो, तिकडे तिने मान वळवलीच नव्हती. घटकाभरात मीठ पाणी होऊन कड्यावरून ओघळले. ती भिजत उभी राहिली, पण मिठावर तिने घोंगडी टाकली नाही.

"झालं. आता देवखेड," कुणीतरी म्हणाले.

पाटलांनी सगळे गठ्ठे चाचपून पाहिले. "बाजार कुठं भिजलाय? भिजली ती एकटी म्हाळसाक्का. अजून आठ दिवस देतो."

ती त्याच पावली घाट उतरली आणि मीठ भरून परत आली. या वेळी तोंड कधी उगवतीला, कधी मावळतीला. लोटा मात्र तोच. तिने बुधवार सांगितला. त्या दिवशी कोकणाच्या अंगाला आभाळ काळेभोर होते. तिने गोण्यांची तोंडे सोडली आणि होते नव्हते तेवढे मीठ ओतून टाकले.

गिरमाजीशेटना राहवेना. "आक्का, समोर बघ गं जरा."

"बघितलं. पोट कड्याच्या वर आहे त्याचं. तुम्ही मागं बघा, तिकडं काही नाही. आणि या लोट्याला हात लावा."

लोटा कोरडा होता. ढग डोक्यावरून गेले, सावली पडली, सरली. मीठ शिळेवर चमचमत राहिले. मग एकेक गठ्ठा सुटू लागला आणि दिवेलागणीपर्यंत बाजार चालला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गारा पडल्या असे सांगतात.

निघताना गिरमाजीशेटनी तिच्याकडून दोन शेर मीठ घेतले आणि त्यातले मूठभर परत तिच्या गोणीत टाकले.

"हे कशाला, शेट?"

"मंगळवारी माझं कापड कोरडं राहिलं, त्याचं."

त्या दिवसापासून बाजाराला कायमचा वार उरला नाही. आजही जो वार सांगतो, तो आपले स्वतःचे मीठ आधी शिळेवर उघडे ओततो. अंदाज कधी बरोबर येतो, कधी चुकतो. चुकला त्या दिवशी सावट्यात त्याला कुणी बोल लावत नाही. न सोडलेले गठ्ठे उचलून निघालेला प्रत्येक व्यापारी वाट वाकडी करून त्याच्याकडे जातो, मूठभर मीठ त्याच्या गोणीत टाकतो आणि पुढचा वार विचारतो.