भिवाने न दिलेली ओ

एका डोंगराळ गावात भिवा नावाचा शेतकरी राहत होता. माणूस कष्टाळू, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही.

त्या गावात रानडुकरांचा फार उपद्रव. म्हणून सगळ्या गावात मिळून एकच बंदूक होती, ती पाटलांच्या घरी खुंटीला असे. ज्याची पाळी त्याने न्यावी, पण एकट्याने नाही. एकाने बंदूक धरायची, दुसऱ्याने हाळी द्यायची. समोरून ओ आली तर तो माणूस. आली नाही, तरच बार काढायचा. शिवाय दिवस कलला की शेतातल्या माळ्यांवरून राखणदार एकमेकांना हाळी देत. उलट ओ आली, की शेजारी सुखरूप आहे एवढं कळायचं.

त्या वर्षी भिवाची पाळी येण्याआधीच डुकरांनी त्याचा अर्धा मका लोळवला. त्याचा संताप काही खोटा नव्हता. त्याने रीतसर परवाना काढला आणि स्वतःची बंदूक आणली.

पाटील म्हणाले, "घेतलीस ती घेतलीस, भिवा. पण हाळी देणारा बरोबर ने."

"हाळी दिली की डुक्कर पळतं, पाटील. मला ते पाडायचंय. आणि माझ्या शेतात मला दुसऱ्याची परवानगी कशाला?"

लोक आपापल्या कामाला लागले. काहींना तर त्याचं पटलंही.

त्याच संध्याकाळी भिवा एकटाच बांधाआड दबा धरून बसला. पलीकडच्या माळ्यावरून त्याच्या लहानपणच्या सोबत्याने, गणूने, हाळी दिली, "भिवाऽऽ!" भिवाने ओठ मिटून घेतले. ओ दिली तर डुक्कर सावध होईल ना! गणू पुन्हा पुन्हा हाका मारत राहिला. "गप बस की रे," भिवा चिडून पुटपुटला. शेवटी हाका थांबल्या, तेव्हा त्याला बरं वाटलं.

थोड्या वेळाने मका सळसळला. काहीतरी काळं, वाकलेलं पुढे येत होतं. भिवाने चाप ओढला.

तो गणू होता. भिवाला साप चावला असेल या भीतीने, तो कुठे पडलाय ते वाकून शोधत आला होता. भिवाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गणू एवढंच म्हणाला, "ओ का दिली नाहीस रे?"

डुकरं त्या दिवशी आलीच नव्हती.

भिवा शिक्षा भोगून गावी परतला. बंदूक गेली, मका पुन्हा उगवला. आता दिवस कलला की तो माळ्यावर उभा राहतो आणि गणूच्या शेताकडे तोंड करून हाळी देतो. ऐकणारे माना खाली घालतात. तिकडून ओ येत नाही.

तात्पर्य: हत्याराच्या भरवशावर जो शेजाऱ्याच्या हाकेला ओ देणं सोडतो, त्याला शेजारी आणि सावज यांतला फरक कळेनासा होतो, म्हणून हत्यार कुणाचंही असो, त्यावर चार माणसांचा धाक हवाच.