अंतोबाचा पक्का हिरवा

खारवली नावाच्या गावात, जिथे नदी खाडीला मिळते तिथे, अंतोबा नावाचा एक रंगारी राहत होता. त्याने रंगवलेली लुगडी घाटावरच्या बाजारांपर्यंत जात. मंजिष्ठेचा लाल, पळसाचा केशरी, निळीचा निळा, सगळे रंग त्याच्या हाताला वश होते. एकच रंग त्याला दाद देत नसे. तो म्हणजे हिरवा.

हिरव्या रंगात भल्या भल्या रंगाऱ्यांची परीक्षा होते. कापड आधी निळीत बुडवायचं, मग हळदीत. दोन्ही मिळून सुरेख हिरवा उतरतो. पण हळद उन्हाला उडते. थोड्याच धुण्यांत हिरवा जातो आणि लुगड्यावर निळे चट्टे राहतात. बायका असं लुगडं आणून अंतोबाच्या ओटीवर टाकत आणि म्हणत, "दादा, ह्याला हिरवं म्हणायचं का?"

एके दिवशी बंदरावरचा व्यापारी मुरारशेट त्याच्याकडे आला. त्याने एक गोणी उघडून दाखवली. आत निळे चकचकीत खडे होते.

"हा मोरचूद," मुरारशेट म्हणाला. "पाण्यात विरघळव, रंगवलेलं कापड त्यात बुडव आणि वाळव. मग तो हिरवा जन्मात उडाला तर मला सांग."

शेटचं बोलणं खरं निघालं. मोरचुदाच्या पाण्यातून निघालेलं लुगडं कितीही धुतलं, कितीही उन्हात टाकलं तरी हिरवंगार राही. बघता बघता त्या रंगाचं नाव झालं. लोक नुसतं 'अंतोबाचा हिरवा' म्हणू लागले. ते नाव राजवाड्यापर्यंत गेलं, आणि राजकन्येच्या लग्नातले सगळे हिरवे शालू खारवलीला रंगवायचे असं ठरलं. अंतोबाने अंगणात नवे हौद बांधले. वापरून झालेलं पाणी तो घरामागच्या ओढ्यात सोडून देई. त्याच्या बापानेही आपल्या रंगांचं पाणी त्याच ओढ्यात सोडलं होतं.

पण बापाच्या पाण्यात मोरचूद नव्हता.

आधी ओढ्यातल्या दगडांवरचं शेवाळ करपलं. मग शंख-गोगलगायी दगडांवरून सुटून तळाशी पडल्या. एका सकाळी खेकडे पाणी सोडून काठावर आले आणि मळे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. दुपारपर्यंत ते उलटे होऊन तरंगत होते.

अंतोबाची बायको सगुणा घागर घेऊन गेली होती, ती रिकामीच परत आली. "अहो, आपल्या हौदाचं पाणी जिथे पडतं ना, तिथून खाली सगळं मेलंय. वरच्या अंगाला मासे चांगले पोहताहेत."

अंतोबाने जाऊन पाहिलं. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्याने मुरारशेटला निरोप पाठवून बोलावून घेतलं. शेट ओढ्याकडे बघून हसला.

"एवढंच ना? ओढा तो केवढासा! पाणी खाडीत सोड. खाडीपुढे समुद्र आहे. समुद्रापुढे तुझे हौद म्हणजे कुणी चूळ भरावी तसे."

अंतोबाला ते पटलं. त्याने माडांची खोडं कोरून पन्हळ केले आणि एकाला एक जोडून थेट खाडीपर्यंत नेले. पावसाळा सरला तेव्हा ओढ्यात पुन्हा मळे मासे दिसू लागले. अंतोबा सगुणेला मुद्दाम दाखवायला घेऊन गेला.

"बघ, झाला की नाही ओढा पहिल्यासारखा?"

"झाला," सगुणा म्हणाली. "पण ते पाणी गेलं कुठे?"

"समुद्रात."

"आणि समुद्रातून?"

अंतोबा हसला. समुद्रातून पुढे कुठे जायचं असतं, असं कुणी विचारतं का!

आता खाडीची रीत अशी, की ओहोटीला बाहेर गेलेलं पाणी भरतीला पुन्हा आत येतं. आणि कालवांची रीत अशी, की ती जागची हलत नाहीत. खडकाला चिकटलेली असतात, येईल ते पाणी पितात, आणि त्या पाण्यात जे असेल ते अंगात साठवत राहतात. माशाला पळता येतं, कालवाला येत नाही.

खाडीतल्या त्या खडकांवर धाकलीबाई कालवं काढायची. तिचा नवरा जोमा होडी चालवायचा आणि जाळी टाकायचा. ओहोटी लागली की ती टोपली नि लहानशी कोयती घेऊन खडकांवर उतरे, आणि भरतीच्या आत गावात घरोघर कालवं पोचवून येई. अंतोबाच्या घरी तर तिचा ठरलेला वाटा असे. सगुणेला कालवांचं कालवण फार आवडे.

त्या वर्षी थंडीच्या दिवसांत गावात आजार आला. ज्यांनी कालवं खाल्ली त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या, उलट्या थांबेनात. सगुणा अंथरुणाला खिळली. पाटलांची म्हातारी आई तर शेवटच्या घटका मोजते आहे असं सगळ्यांना वाटलं. खाडीतली कोळंबी दिसेनाशी झाली होती आणि जाळ्यात मेलेले बोईट मासे येत होते. लोक घाबरले. घाबरलेल्या लोकांना कुणीतरी अपराधी लागतो, तसा त्यांनी तो शोधला.

चावडीसमोर सगळं गाव जमलं. जोमा आणि धाकलीबाई मधोमध उभी होती.

"कालवं कुणी विकली?" पाटलांनी विचारलं.

"मी विकली," धाकलीबाई म्हणाली.

"तरुणपणी हा जोमा शेराच्या झाडाचा विषारी चीक पाण्यात टाकून मासे धरायचा. सगळ्यांना ठाऊक आहे," गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "आताही तेच केलं असणार!"

जोमाचा आवाज चढला. "एकदा केलं होतं, आणि बापाचा मार खाल्ला होता. त्यानंतर ह्या हाताने पाण्यात जाळ्याशिवाय काही टाकलं नाही."

धाकलीबाईने टोपलीतून एक कालव काढलं आणि कोयतीने फोडून पाटलांसमोर धरलं. "हे बघा. आतून कसं झालंय! शेराच्या चिकाने मासा मरतो, पण हिरवा होत नाही. जन्मभर कालवं फोडतेय मी. असला हिरवा रंग मी कधी पाहिला नाही."

अंतोबा पुढच्याच रांगेत बसला होता. त्याने तो हिरवा पाहिला, आणि तो त्याने लगेच ओळखला. सगळ्या मुलखात तसा हिरवा एकाच ठिकाणी होता, त्याच्या हौदात. ज्या रंगासाठी तो आयुष्यभर झटला होता तो रंग कालवाच्या मांसात उतरला होता. 'आणि समुद्रातून?' हा सगुणेचा प्रश्न त्याला आठवला.

शालू न्यायला आलेला मुरारशेट त्याच्या शेजारीच होता. अंतोबाचा चेहरा बघून तो काय ते समजला. त्याने अंतोबाचा दंड दाबला आणि कुजबुजला, "गप्प राहा. तुझ्याकडे कुणी बोट दाखवलंय का? राजवाड्याचं काम आहे. चार दिवसांनी लोक विसरतील."

अंतोबा गप्प राहिला. पंचांनी निवाडा दिला, जोमाची होडी फोडायची आणि दोघांनी गाव सोडायचं. तरीही तो गप्पच राहिला. माणसं किनाऱ्यावर गेली, होडी ओढून वाळूवर घेतली, कुणीतरी कुऱ्हाड आणली. जोमा होडीवर हात टेकून उभा राहिला. धाकलीबाई रडत नव्हती. ती एकेका माणसाच्या तोंडाकडे बघत होती. बघता बघता तिची नजर अंतोबाकडे आली.

"थांबा!" अंतोबा ओरडला. "कुऱ्हाड खाली ठेवा. हे माझ्यामुळे झालंय."

कुणाचा विश्वास बसेना. पाटील म्हणाले, "अंतोबा, बायको आजारी पडल्याने तुझं डोकं ठिकाणावर नाही. तुझं पाणी तर केव्हापासून समुद्रात जातंय."

"तेच सांगतोय, पाटील. ते गेलंच नाही. ते इथेच आहे."

त्याने ओढ्यातून मळे पकडून आणले आणि दोन मडक्यांत सोडले. एका मडक्यात पन्हळातलं ओंजळभर पाणी घातलं. सगळं गाव वाकून बघत राहिलं. एका मडक्यातले मासे खेळत राहिले. दुसऱ्यातले आधी सैरावैरा फिरले, मग वर येऊन धापा टाकू लागले, मग उलटे झाले.

कुऱ्हाड आणणाऱ्याने ती गुपचूप पाठीमागे धरली. पाटलांनी पुढे होऊन जोमाला हात जोडले आणि निवाडा मागे घेतला.

मग धाकलीबाई अंतोबासमोर येऊन उभी राहिली. "चावडीवर मी कालव फोडलं तेव्हाच ओळखलं होतंस ना, दादा?"

"हो."

"मग तेव्हा का नाही उठलास?"

"भ्यालो."

ती म्हणाली, "आता भिऊन चालायचं नाही. काम पुष्कळ आहे."

आणि काम खरंच पुष्कळ होतं. अंतोबाने त्याच दिवशी पन्हळ तोडले. हौदातलं निळं पाणी वाहू द्यायचं नाही म्हणून त्याने अंगणात दगडी खड्डा बांधला, त्याला चुन्याचा गिलावा केला आणि ते पाणी उन्हात आटू दिलं. राजवाड्यावर तो स्वतः गेला. जे घडलं ते सांगितलं आणि म्हणाला, "महाराज, हळदीचा हिरवा देतो. तो विटेल. विटला की पाठवून द्या, मी पुन्हा रंगवून देईन. जन्मभर देईन. पण पक्का हिरवा माझ्याकडे मागू नका." राजाला ते फारसं रुचलं नाही. निम्मे शालू दुसरीकडे गेले. निम्मे मात्र अंतोबानेच रंगवले, आणि तेवढ्यावर त्याने समाधान मानलं.

मुरारशेट आपल्या गोण्या गाडीत घालून निघाला. जाता जाता म्हणाला, "तू नाही तर दुसरा. पलीकडच्या बंदरात रंगारी काय कमी आहेत?"

गाडी वळसा घेऊन जाणार होती आणि खाडीतून वाट जवळची होती. अंतोबा धावत जोमाकडे गेला. ज्या होडीवर कुऱ्हाड पडणार होती त्या होडीपाशी उभं राहून तो म्हणाला, "जोमादादा, तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही. पण मला पलीकडे सोड."

जोमाने वल्ही उचलली. धाकलीबाईने हिरव्या कालवांची टोपली होडीत ठेवली आणि स्वतःही चढली. मुरारशेट पलीकडच्या बंदरात पोचला तेव्हा तिथले रंगारी एका फोडलेल्या कालवाभोवती गोळा झाले होते आणि अंतोबा बोलत होता. शेटने गोण्या खाली उतरवल्याच नाहीत.

सगुणा बरी झाली. पाटलांची आईही उठून बसली आणि पहिल्यासारखी सगळ्यांवर डाफरू लागली. खाडीला मात्र वेळ लागला. ओढा एका पावसाळ्यात सुधारला होता, कारण वरून नवं पाणी येऊन त्याला धूत होतं. खाडीच्या गाळात मुरलेला मोरचूद असा धुऊन जाईना. जुनी कालवं हिरवीच राहिली. तोवर अंतोबाने जोमाबरोबर वल्ही मारली आणि धाकलीबाईला दूरच्या, स्वच्छ पाण्यातल्या खडकांवर नेऊन सोडायचं काम अंगावर घेतलं. रंगाचं काम उरलेल्या वेळात. आधी कोळंबी परतली, मागून बोईट आले, बगळे आले, आणि पुष्कळ काळाने खडकांवर स्वच्छ कालवांचा नवा थर धरला. त्या ओहोटीला धाकलीबाईने टोपली भरून गावात फिरवली आणि पहिला वाटा सगुणेला दिला.

खड्ड्याच्या तळाशी उरलेला निळा गाळ अंतोबाने मडक्यांत भरला, तोंडं राळेने बंद केली आणि ती मडकी स्वतःच्या घराच्या कोपऱ्यात रचून ठेवली. घर लहान होतं. मडक्यांमुळे चालायला अडचण होई. पुढे त्याला एक मुलगी झाली. ती मोठी झाल्यावर एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, हे घरात कशाला ठेवलंय? लांब कुठेतरी टाकून द्या ना."

अंतोबा कापड पिळत होता. त्याने हात थांबवले आणि विचारलं, "लांब म्हणजे कुणाच्या दारात, बाळ?"

मुलीने विचार केला. नदीकाठी गाव होतं, खाडीकाठी गाव होतं, समुद्रापलीकडेही कुणाचं तरी गाव असणार. आणि पाण्यात राहणाऱ्यांची घरं तर पाण्यातच होती. तिने मडकी नीट भिंतीला लावून ठेवली.

तात्पर्य: पाण्यात सोडलेलं विष नजरेआड होतं, नाहीसं होत नाही, म्हणून आपण केलेल्या घाणीचा भार आपणच वाहावा, आणि चूक कळली की दुसऱ्यावर आळ येण्याआधी ती आपल्या तोंडाने सांगावी.